आईचं पथ्य

डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "आजी, तुमचा फोटो बाहेर भिंतीवर लावायला पाहिजे. इतकं कडक पथ्य पाळणारा पेशंट माझ्याकडे दुसरा नाही." दीड वर्षापूर्वी विमलाबाईंची तीन महिन्यांची सरासरी साखर अकराच्या वर होती, ती आता सहाच्या आत आली होती. त्यांच्या मुलीला, रोहिणीला, स्वतःचाच निकाल लागल्यासारखं वाटलं. मग डॉक्टरांनी विमलाबाईंना काट्यावर उभं केलं. एकेचाळीस किलो. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, दुसरी अर्धी केली आणि आवाज उतरवून रोहिणीला म्हणाले, "आता यांना खाऊ घाला. भात द्या, फळं द्या, सणावाराला गोडाचा एखादा घासही द्या. इतकं अंग उतरलेलं बरं नाही." दोघी उठल्या. बाहेरच्या टेबलाशी बसणाऱ्या नर्सच्या बहिणीला मुलगी झाली होती. तिनं पेढ्यांचा डबा पुढे केला. "आजी, अर्धा तरी घ्या. सरांनी आत्ताच परवानगी दिली, मी ऐकलं." आणि विमलाबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. रोहिणी त्यांच्या मागेच उभी होती, म्हणून ते फक्त तिलाच दिसलं. उजव्या हाताच्या बोटांनी डाव्या हाताचं मनगट आवळून धरलं होतं, इतकं घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली होती. नर्सला समोरून म्हाताऱ्या बाईचं हसू तेवढं दिसलं असेल. "मला चालत नाही, बाळा," विमलाबाई म्हणाल्या.

रिक्षा द्वारका चौकातल्या सिग्नलला थांबली तेव्हा रोहिणीनं विचारलं, "आई, हात मागे का घेतलेस?" विमलाबाई म्हणाल्या, "कधी?" "आत्ता. पेढा देत होती तेव्हा." "घेतले असतील," त्या म्हणाल्या आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागल्या. रिक्षा घराकडे, उपनगरच्या दिशेनं निघाली. रिपोर्टची पिशवी रोहिणीच्या मांडीवर होती. तिला एक-दोन जणांना फोन करून आकडा सांगायचा होता, नवऱ्याला तर सांगायचाच होता. पण ती पिशवी नुसती धरून बसली. सत्तर वर्षांच्या बाईनं असे हात लपवायचे म्हणजे समोर कोणीतरी असावं लागतं, ज्याला घाबरायचं. नर्सला घाबरण्यासारखं काही नव्हतं. मग मागे कोण उभं होतं, हे आठवून रोहिणीनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

पथ्याचं खूळ रोहिणीच्या डोक्यात उगाच शिरलेलं नव्हतं. तिच्या वडिलांचं नाव कारभारी, ते मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात होते. त्यांना साखर आहे हे कळूनही त्यांनी ती कधी मनावर घेतली नाही. संध्याकाळी ड्युटीवरून येताना जिलेबीचा पुडा आणायचे, अर्धा वाटेतच संपलेला असायचा. "इंजिनाला कोळसा लागतो आणि माणसाला गोड," म्हणून हसायचे. मग नव्या बुटानं अंगठा घासला. अंगठा काळा पडला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय. रोज सकाळी रोहिणी त्यांची पट्टी बदलायची तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पट्टीचा शेवटचा वेढा सुटताना जो वास यायचा तो तिनं पुढे कोणाला सांगितला नाही. पण लग्न झालं, नाशिकला आली, कॉलेजच्या ऑफिसात लागली, हेडक्लार्क झाली, तरी पिकलेल्या केळीच्या सालीला, फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याला मध्येच तो वास यायचा. कारभारी अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. नंतर आई तिच्याकडेच राहायला आली. आणि दीड वर्षापूर्वी आईच्या रिपोर्टवर अकराचा आकडा बघितला तेव्हा लॅबच्या त्या स्वच्छ पांढऱ्या खोलीत रोहिणीला पुन्हा तो वास आला. तिनं त्याच संध्याकाळी आहाराचा तक्ता छापून फ्रिजवर चिकटवला. साखरेचा डबा कपाटात गेला, कपाटाला किल्ली आली.

पण विमलाबाईंना घरात साखर लागतच नव्हती. त्यांचं पथ्य मोडायचं ते उंबऱ्याबाहेर. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी हाक मारून पुरणपोळी दिली, की घेतली. खालच्या मजल्यावर सत्यनारायण असला, प्रसादाचा शिरा आला, की द्रोण पुसून खाल्ला. मनमाडला त्या वीस वर्षं अंगणवाडीत सेविका होत्या, माणसं जोडायची सवय इथेही सुटली नव्हती. जवळच्या वस्तीत कुठेही निघाल्या की चार घरांतून चहाचं बोलावणं यायचं आणि चारही घरांतला गोड चहा त्या पिऊन यायच्या. रोहिणी चिडायची. "तुला 'नको' एवढं म्हणता येत नाही का, आई? दोन अक्षरं तर आहेत." विमलाबाई पदराशी चाळा करत म्हणायच्या, "कसं म्हणू गं? बोलावून देतात. हातात देतात." यात काय एवढं, असं रोहिणीला वाटायचं. हातात नाही तर काय पायात देणार? तिला त्या बोलण्यात म्हातारपणाचा हट्ट दिसायचा, जिभेचे चोचले दिसायचे, आणि त्यांच्यामागे वडिलांचा काळा अंगठा दिसायचा. 'हातात' हा शब्द आई जरा सावकाश उच्चारते, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही. माणसं बारा-बारा वर्षं एका घरात राहून एकमेकांची औषधं पाठ करतात, पण शब्द ऐकत नाहीत.

मग बंटीचं लग्न आलं. बंटी हा कुसामावशीचा नातू. मावशी विमलाबाईंची थोरली बहीण, राहणार सायखेड्याला. पण लग्न नाशिकरोडलाच, जेलरोडच्या एका हॉलमध्ये होतं. विमलाबाईंनी पांढरी, निळ्या काठांची साडी आठ दिवस आधी इस्त्री करून ठेवली होती. बुद्धवंदना झाली, मंगल परिणय झाला, आणि मावशीच्या हट्टापायी बुफे न लावता पंगती बसल्या. लांब टेबलं, कागद अंथरलेला, वाढपी घरचेच. विमलाबाई पहिल्या पंगतीला बसल्या. रोहिणी लांबून बघत होती. आई इतकी मोकळी तिनं कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. शेजारच्या बायकांशी बोलत होती, हसताना तोंडापुढे हात धरत नव्हती. मावशी स्वतः बुंदीची बादली घेऊन फिरत होती. "घे गं विमल, घे. आपल्या घरचं लग्न हे, लाजू राह्यली का?" एकदा वाढली, दुसऱ्यांदा वाढली. तेवढ्यात रोहिणीच्या बाजूला बसलेली नवरीकडची एक बाई, पोलीस कॉलनीतली, जरा हसून म्हणाली, "तुमच्याच आई ना त्या? शुगर आहे म्हणत होतात. बघा तरी, किती बुंदी घेतली." आजूबाजूच्या दोघी-तिघींनी तिकडे माना वळवल्या. रोहिणीचे कान तापले. त्या क्षणी तिच्या मनात वडील नव्हते, पाय नव्हता, वास नव्हता. फक्त त्या वळलेल्या माना होत्या. ती उठली, टेबलांमधून गेली, तिनं आईच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "ऊठ. पुरे झालं." दुसऱ्या हातानं तिनं ताट ओढलं. ताट कलंडलं, बुंदी कागदावर आणि तिथून फरशीवर सांडली. विमलाबाई लगेच उठल्या. रोहिणीकडे बघितलं नाही, तोंडात घास होता तो तिथेच राहिला. कुसामावशी बादली धरून उभी होती आणि तिचा चेहरा असा झाला होता की रोहिणीला वाटलं, हिला राग आला. नंतर हात धुताना दोन बायकांनी रोहिणीला सांगितलं, "बरोबर केलंत. मुलगी असावी तर अशी."

त्या दिवसानंतर विमलाबाईंनी पथ्य धरलं. धरलं म्हणजे काय, त्या पथ्यात जाऊन बसल्याच. सकाळी एक भाकरी, वाटीभर पालेभाजी, काकडी. संध्याकाळी सातला अर्धी भाकरी, मूग. सगळ्यांच्या आधी, स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून. तेजल, रोहिणीची मुलगी, एकदा म्हणाली, "आजी, आमच्याबरोबर टेबलवर ये ना जेवायला," तर त्या म्हणाल्या, "माझं झालं, बाळा," आणि ताट धुऊन ठेवलं. समोरच्या काकूंकडे जाणं बंद झालं. वस्तीत जाणं बंद झालं. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर असते. दरवर्षी पातेल्याशी उभं राहून ती वाढायचं काम त्यांचं होतं. यंदा त्यांनी "गुडघे दुखतात" म्हणून सांगितलं. नात्यात दोन लग्नं झाली, एक साखरपुडा झाला. "तुम्ही या जाऊन." रोहिणीला हे दिसत होतं आणि दिसत नव्हतं. दर तीन महिन्यांनी आकडा उतरत होता: नऊ, साडेसात, सहा-चार. ती ऑफिसात सांगायची, "आमच्या आईला अखेर पटलं बघा." ज्यांच्या घरी म्हातारी माणसं ऐकत नव्हती ते तिला विचारायचे, तुम्ही काय केलंत? आणि ती म्हणायची, "एकदा कडक व्हावं लागतं."

डॉक्टरांकडून आल्यावर रोहिणीनं आठवडाभर सगळं करून बघितलं. इंद्रायणीचा मऊ भात केला, वर तूप सोडलं. विमलाबाईंनी भात तसाच झाकून ठेवला. "मला चालत नाही." "डॉक्टर चालतं म्हणालेत, आई, तू तिथेच होतीस." "हो. पण मला आता सवय राहिली नाही." चिकू सोलून दिले, ते काळे पडले. एका दुपारी ऑफिसातून लवकर येऊन तिनं पाहिलं, आई गॅलरीत बसली होती आणि हात थरथरत होते, कपाळावर घाम होता. साखर उतरली होती. रोहिणीनं धावत जाऊन कपाट उघडलं. आधी किल्ली सापडेना, आणि सापडली तेव्हा ती कुलपात जाईना. चमचाभर साखर घेऊन ती आईच्या तोंडाशी गेली तर विमलाबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान फिरवली. घामेजलेल्या त्या चेहऱ्यावर डोळे मात्र रोहिणीवर होते, आणि त्यात ती भीती होती, दवाखान्यात पाठीमागे आवळलेल्या हातांतली. "आई, खा. मीच देतेय. मी सांगतेय ना," असं तीन-तीनदा म्हणावं लागलं, तेव्हा ओठ उघडले.

रविवारी तिनं सायखेड्याची बस धरली. मावशीला आणायचं, चार दिवस ठेवून घ्यायचं, तिच्या हातचं आई खाईल, एवढाच विचार होता. कुसामावशी ओट्यावर शेपू निवडत बसली होती. रोहिणीनं जय भीम घातला, पाणी प्यायली, सगळं सांगितलं. वजन, घाम, मिटलेले ओठ. मावशी ऐकत होती आणि तिच्या बोटांतली शेपूची काडी नुसतीच फिरत होती. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "म्या येऊन काय करू, रोहिणी? म्याच तर वाढू राह्यले होते तवा. माझ्या हातचं आता तिला कसं जाईन?"

"असं काय म्हणतेस मावशी. एवढ्याशा गोष्टीचं..."

"एवढीशी नाय ती." मावशीनं काडी खाली ठेवली. "तुला तुझ्या आईनं सांगेल नसंन. ती नाय सांगायची." मग ती सांगू लागली, सरळ, वर न बघता. विमल आठ वर्षांची होती. गावात एका मोठ्या घरचं लग्न होतं, सगळ्या गावाला जेवण. यांच्या लोकांना शेवटी, कुंपणाच्या पलीकडे, हे ठरलेलं. पण विमलच्या वर्गातली एक मुलगी त्याच घरातली. तिनं हाक मारली, "ये ना, माझ्याजवळ बस," आणि विमल जाऊन बसली. मोठ्या पंगतीत. पत्रावळीवर बुंदी पडली. तिनं पहिला घास घेतला. "तेवढ्यात एक गडी आला. त्यानं तिच्या दंडाला धरलं आन म्हणला, ऊठ. बाकी कायबी नाय म्हणला. दुसऱ्या हातानं पत्रावळ वढली. मी कुंपणापाशी उभी व्हते, मला समदं दिसलं. रडली नाय पोरगी. तोंडातला घास तसाच घेऊन घरापोहोत चालत आली आन मंग घरामागं थुकली. त्याच्यानंतर कितीक वर्षं ती कोणाच्या घरी पाणी पेली नाय. पुढं शिकली, नोकरीला लागली, तुमच्या शहरात लोक हाका मारून हातात कप देऊ लागले, तवा कुठं तिचा जीव मोकळा झाला. मला म्हणायची, कुसे, लोक बोलावून देत्यात गं आता. नाय म्हणायचं माझ्या जिवावर येतं." मावशीनं पदरानं नाक पुसलं. "आन बंटीच्या लग्नात तू आलीस. तू बी तेच म्हणली. धरलं बी तिथंच. मला वाटलं माझे डोळे फिरले."

परतीच्या बसमध्ये रोहिणीला खिडकीजवळची जागा मिळाली होती. बाहेर द्राक्षांचे मांडव मागे जात होते, चांदोरीला बस बराच वेळ थांबली, कोणीतरी टोमॅटोचे क्रेट टपावर चढवत होतं. तिला रडू येत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. ती स्वतःला समजावत होती: मला ठाऊक नव्हतं, मी तिच्या जिवासाठी केलं, न केलं असतं तर आज पाय गेला असता. प्रत्येक वाक्य खरं होतं. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्या माना वळत होत्या आणि पोलीस कॉलनीतली ती बाई हसत होती. आईला उठवायला तिला शब्द कुठून सुचला? कोणीच शिकवलेला नव्हता. हळू सांगता आलं असतं, शेजारी बसून ताटातली अर्धी बुंदी आपल्या ताटात घेता आली असती, हसण्यावारी नेता आलं असतं. यातलं काही न सुचता तो एकच शब्द तोंडात तयार कसा होता, जणू पिढ्यान्‌पिढ्या कुठेतरी हवेत लटकत होता आणि ज्याच्या हातात जरा अधिकार येईल त्याच्या तोंडी तो आपोआप येत होता.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. तेजल क्लासला गेली होती. विमलाबाई गॅलरीत होत्या. रोहिणीनं वरण-भाताचा कुकर लावला, टेबल सोडून स्वयंपाकघरात फरशीवर दोन ताटं मांडली आणि आईला हाक मारली. विमलाबाई आल्या, दोन ताटं बघून थबकल्या, मग बसल्या. रोहिणी समोर बसली.

"आई, मावशीनं मला सांगितलं. लहानपणचं. त्या पंगतीचं."

विमलाबाईंचा हात ताटाच्या काठावर होता, तो तिथेच राहिला. "कुसाला तोंड आवरत नाही," त्या म्हणाल्या.

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"तुला कशाला? तुम्हाला ते माहीत नसावं, म्हणून तर सगळा खटाटोप केला आम्ही दोघांनी."

"माझं चुकलं, आई."

"तू काळजीपोटी केलंस."

इथे रोहिणीला गप्प बसता आलं असतं. आईनं दार उघडून ठेवलं होतं, तिथून सहज निसटता आलं असतं. ती म्हणाली, "काळजीपोटी नाही केलं. लोक बघत होते म्हणून केलं. मला तुझी लाज वाटली."

कुकरची वाफ अजून खिडकीच्या काचेवर होती. विमलाबाईंनी भातावर वरण घेतलं, बोटांनी कालवलं. "ते मला तेव्हाच कळलं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर रोहिणीला धरायला काही मिळालं असतं. "हात लागला की कळतं गं. काळजीचा हात वेगळा असतो. तुझ्या वडिलांच्या पायाला लावायचीस तो." भात पुन्हा कालवत म्हणाल्या, "त्या माणसाचं मी मनातून कधीच काढून टाकलं. तो परका होता. परक्याचं काढून टाकता येतं."

मग त्या जेवू लागल्या. पहिला घास, दुसरा घास. तूप वाढलेलं होतं, ते त्यांनी बाजूला सारलं नाही. रोहिणी डोळ्यांतलं पाणी न पुसता बघत होती आणि तिला दिसत होतं, आईला भूक नाही, चवही लागत नाहीये. समोर बसलेली आपली मुलगी रडते आहे आणि तिला गप्प करण्याचा हा एकच उपाय हाताशी आहे म्हणून ती खाते आहे, एखाद्या लहान लेकराच्या समाधानासाठी खोटं खोटं जेवावं तशी, फक्त हे जेवण खरं होतं. भात संपला. विमलाबाईंनी ताट बोटानं निपटलं.

"बरा झालाय भात," त्या म्हणाल्या. "तुझं ताट तसंच आहे. जेव."

त्यांनी उठायचा प्रयत्न केला. एक हात फरशीवर टेकला, दुसरा भिंतीला, पण गुडघे उचलेनात. रोहिणीचा हात पुढे गेला आणि मध्येच अडला. कुठे धरावं ते तिला कळेना. विमलाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी भिंतीचा हात काढला आणि कोपर जरासं तिच्याकडे केलं.

"धर," त्या म्हणाल्या. "नाहीतर कशी उठू मी?"

रोहिणीनं आईचा दंड धरला. तो इतका बारीक झाला होता की तिचा अंगठा आणि बोटं पलीकडे एकमेकांना टेकली. ती तशीच धरून राहिली. विमलाबाई उभ्या राहिल्या, श्वास पुरा होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "सोड आता."